आपल्याच बेटाची मोटार-प्रदक्षिणा

स्कॉटलंडच्या वायव्य किनाऱ्यालगत स्काय नावाचे बेट आहे. काळ्या पाषाणाचे सुळके, समुद्रात सरळ उतरणारे कडे आणि त्यांच्या कडेकडेने जाणारा अरुंद रस्ता यांसाठी ते प्रसिद्ध आहे. रस्ता काही ठिकाणी इतका चिंचोळा, की समोरून गाडी आली तर आपली गाडी बाजूला घेण्यासाठी मुद्दाम रुंद केलेल्या जागा शोधाव्या लागतात. इंग्लंडात नोकरीनिमित्त राहणारी आपली मराठी कुटुंबे सुट्टी मिळाली की भाड्याची मोटार घेऊन तेथे जातात आणि मुंबईच्या भेटीत त्या सहलीची छायाचित्रे अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपरच्या नातलगांना कौतुकाने दाखवतात. पाहणारेही मनापासून हळहळतात, ‘आपल्याकडे असे एखादे बेट असते तर!’

गंमत अशी की, हे उद्गार बेटावर बसूनच काढले जात असतात. मुंबईची उपनगरे ज्या भूमीवर वसली आहेत, ते साष्टी नावाचे बेट आहे. त्याच्या पश्चिमेला अरबी समुद्र, उत्तरेला वसईची खाडी, पूर्वेला ठाण्याची खाडी आणि दक्षिणेला माहीमची खाडी. मध्यभागी डोंगर, डोंगरात तलाव, लेणी आणि बिबटे. स्कायचे क्षेत्रफळ सुमारे १,६५० चौरस किलोमीटर, तर वस्ती दहा हजारांच्या आसपास. साष्टीचे क्षेत्रफळ सहाशे चौरस किलोमीटरांहून थोडे अधिक. आणि २०११च्या जनगणनेत एकट्या मुंबई उपनगर जिल्ह्याची लोकसंख्या ९३ लाखांवर होती. एवढ्या गर्दीत बेट दिसेनासे झाले, तर नवल नाही. मात्र एखाद्या रविवारी मोटार काढून त्याच्याभोवती एक फेरी मारली, तर ते पुन्हा दिसू लागते. ही फेरी सर्व वळणे धरून शंभर किलोमीटरच्या आसपास होते.

बेट कसे विसरले गेले

साष्टी हे नाव ‘षट्षष्टी’ म्हणजे सहासष्ट गावे या शब्दापासून आले, असे मानले जाते. गोव्यातील साष्टी तालुक्याच्या नावाचीही अशीच उपपत्ती सांगतात. १५३४ साली गुजरातच्या बहादूरशहाने वसईच्या तहाने हा मुलूख पोर्तुगीजांना दिला. पुढे १७३७ ते १७३९ या काळातील मोहिमेत चिमाजीअप्पांच्या नेतृत्वाखाली मराठ्यांनी साष्टी आणि वसई जिंकली. १७७४च्या अखेरीस इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला घेतला आणि १७८२च्या सालबाईच्या तहाने साष्टी कायमची त्यांच्याकडे गेली.

तोपर्यंत मुंबई बेटावरून साष्टीत यायचे तर होडीखेरीज गत्यंतर नव्हते. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी, गव्हर्नर जोनाथन डंकन याच्या कारकिर्दीत शीवचा बांध झाला. १८४५ साली लेडी आवाबाई जमशेटजी जीजीभॉय यांच्या देणगीतून माहीम आणि वांद्रे यांना जोडणारा मार्ग खुला झाला. १८५३ साली बोरीबंदरहून निघालेली पहिली आगगाडी ठाण्यापर्यंत, म्हणजे साष्टीच्या पूर्व टोकापर्यंत आली. दुसऱ्याच वर्षी रुळांनी ठाण्याची खाडी ओलांडून कल्याण गाठले आणि बेट मुख्य भूमीला जोडले गेले. मग पुलांवर पूल झाले. खाडी ओलांडताना आपण पाण्यावरून चाललो आहोत, याचे भान आज कुणालाच राहत नाही. पाण्याला मात्र ते असते, आणि अधूनमधून ते आपल्यालाही त्याची आठवण करून देते.

प्रारंभ : घाटकोपर ते पवई

प्रदक्षिणा म्हटली की देव उजव्या हाताला हवा. येथे देवाच्या जागी डोंगर आहे. तो उजवीकडे ठेवायचा तर घाटकोपरहून निघून पवईमार्गे अंधेरी गाठावी, तेथून उत्तरेकडे बोरिवली, पुढे घोडबंदरवरून ठाणे आणि मुलुंडमार्गे परत यावे. रविवारी सकाळी सहाच्या सुमारास निघाले, तर पहिला टप्पा कोंडीविना पार पडतो.

घाटकोपर-विक्रोळीच्या टेकड्यांकडे नीट पाहावे. मधल्या डोंगराचेच हे दक्षिणेकडे उतरलेले फाटे आहेत. त्यांच्या उतारांवर चाळी आणि झोपड्या अक्षरशः एकमेकींच्या खांद्यावर उभ्या आहेत. जुलै २००० मध्ये घाटकोपरच्या आझादनगरात दरड कोसळून साठहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. परदेशातील खडकाळ बेटावर आपण कड्याखाली गाडी उभी करतानाही दोनदा वर पाहतो. येथे तशाच कड्याखाली हजारो कुटुंबांचे संसार चालतात. साष्टीचा खडबडीतपणा हा सर्वांसाठी देखाव्याचा विषय नाही, हे सहलीच्या आरंभीच ध्यानात आलेले बरे.

जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्त्याला लागले की उजव्या हाताला पवईचा तलाव दिसतो. त्याच्या मागे, झाडीआड, विहार आणि त्याहून वर तुळशी. विहार तलाव १८६० साली पूर्ण झाला. मुंबईला नळाने पाणी मिळू लागले ते येथून. तुळशी १८७९चा, तर पवई त्यानंतरचा. पवईचे पाणी पिण्याच्या कामी आले नाही. विहार आणि तुळशी मात्र आजही शहराला थोडेसे पाणी पुरवतात.

या तलावांचे सांडलेले पाणी ज्या वाटेने समुद्राकडे जाते, ती मिठी नदी. सुमारे अठरा किलोमीटर वाहत, विमानतळाच्या धावपट्टीखालून वाट काढत ती माहीमच्या खाडीला मिळते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. त्या दिवशी मिठीकाठच्या वस्त्यांनी जे भोगले, त्याचे मूळ या बेटाच्या रचनेत शोधावे लागते. मध्ये डोंगर, भोवती समुद्र. डोंगरावरचे पाणी थोड्याच अंतरात समुद्राशी येऊन पोहोचते. त्याच वेळी भरती असेल, तर समुद्र ते आत घेत नाही. मधल्या मध्ये ते साठून राहायला पूर्वी खाजणे, भातखाचरे आणि तिवरांची रुंद पट्टी होती. ती जागा आपण इमारतींना दिली. दहिसर, पोईसर आणि ओशिवरा या पश्चिमेकडील नद्यांची कहाणीही याहून वेगळी नाही. त्यांचा उगम याच डोंगरात आणि आरेच्या उतारावर आहे. पुढे रस्त्याखालून जाताना लोक त्यांना नाला म्हणतात.

अंधेरीतील काळा सुळका

पश्चिम द्रुतगती महामार्ग ओलांडून अंधेरी पश्चिमेला आले की दाट वस्तीत गिल्बर्ट हिल उभी आहे. सुमारे ६१ मीटर उंचीचा हा काळा बेसॉल्टचा खडक चहूबाजूंनी तासल्यासारखा सरळ उभा आहे. जवळ जाऊन पाहिले तर तो एकसंध नाही. एकमेकांना चिकटून उभ्या असलेल्या बहुकोनी खांबांची ती मोळी आहे.

हे खांब कोणा शिल्पकाराने घडवलेले नाहीत. तप्त लाव्हारस थंड होताना आकसतो. ओल्या चिखलाचे तळे सुकताना त्याला जशा भेगा पडतात, तशाच त्यालाही पडतात. या भेगा थंड होणाऱ्या पृष्ठभागापासून आत काटकोनात उतरत जातात आणि त्यांच्यामधून पाच किंवा सहा बाजूंचे लांबच लांब स्तंभ तयार होतात. दख्खनच्या पठारावर सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जे प्रचंड लाव्हा-प्रवाह पसरले, त्यांच्या अखेरच्या पर्वाशी मुंबईचे खडक निगडित आहेत.

स्कॉटलंडमध्ये मल बेटाजवळ स्टाफा नावाचे इवलेसे निर्मनुष्य बेट आहे. तेथील फिंगलची गुहा अशाच षटकोनी स्तंभांनी बनली असून ती पाहायला जगभरातून लोक होड्यांनी जातात. स्काय, मल, स्टाफा येथील लाव्हाही साधारण सहा कोटी वर्षांपूर्वीचा. उत्तर अटलांटिक महासागर उघडू लागला, तेव्हा तो बाहेर पडला. आपल्या किनाऱ्याबाबतही जवळपास तसेच घडले. सेशेल्सचा भूखंड भारतापासून दूर सरकला, तो याच सुमारास. म्हणजे स्काय आणि साष्टी ही भूगर्भाच्या हिशेबाने एका पिढीची भावंडे ठरतात. एकाच्या दर्शनाला आपण विमानाने जातो, दुसऱ्याच्या पायथ्याशी रिक्षा उभ्या असतात.

गिल्बर्ट हिलच्या आजूबाजूचा खडक खाणवाल्यांनी केव्हाच फोडून नेला. माथ्यावर गावदेवीचे मंदिर आहे आणि वर जायला पायऱ्या आहेत. २००७ साली महापालिकेने या टेकडीला वारसा-वास्तूचा दर्जा दिला. तरी इमारती अगदी पायथ्याला भिडल्या आहेत. गाडी लांब लावून चालत जावे आणि वर चढून चारी दिशांना पाहावे. पश्चिमेला समुद्र, पूर्वेला डोंगर. या बेटाचा आडवा छेद एका नजरेत दिसतो, अशा जागा फार नाहीत.

रस्ता संपतो तेथे

अंधेरीहून लिंक रोडने मालाड गाठावे आणि मार्वे रस्त्याने पश्चिमेला वळावे. वाटेत खारोडी लागते. गेटवे ऑफ इंडियाचा पिवळसर दगड या गावच्या खाणींतला. काळा घोड्याजवळच्या डेव्हिड ससून ग्रंथालयासाठीही मालाडचा दगड वापरला गेला. दक्षिण मुंबईचा डौल ज्या दगडांनी सांभाळला, त्यातले कितीतरी दगड उपनगरांच्या पोटातून निघाले आहेत.

पुढे अक्सा, एरंगळ आणि मढ. अक्साच्या किनाऱ्यावर पाण्यात उतरण्याचा मोह टाळावा. तेथे बुडून मरण पावलेल्यांची यादी दर पावसाळ्यात लांबते. एरंगळला समुद्राला लागून १५७५ सालचे सेंट बोनाव्हेंचरचे चर्च आहे. जानेवारीतील दुसऱ्या रविवारी तेथे मोठी जत्रा भरते आणि कोळी, ईस्ट इंडियन कुटुंबे दुरून येतात. मढचा किल्ला हवाई दलाच्या ताब्यात असल्याने तो बाहेरूनच पाहायचा.

मढला रस्ता संपतो. समोर हाकेच्या अंतरावर वर्सोवा दिसते. माणसे आणि दुचाकी फेरीबोटीने काही मिनिटांत पलीकडे जातात. मोटारीला मात्र आल्या वाटेने मालाडपर्यंत वळसा घालावा लागतो. मार्वेहून समोरच्या मनोरीला रस्त्याने जायचे, तरी वळसा चुकत नाही. मनोरी-गोराई-उत्तनच्या पट्ट्याकडे रस्त्याने गाडी न्यायची तर भाईंदरहून फिरून जावे लागते. स्कॉटलंडच्या बेटांवर वाहनचालकाला हा अनुभव पावलोपावली येतो. पलीकडचे गाव दिसत असते आणि पाण्याचा एक चिंचोळा हात मध्ये आल्यामुळे तास-दोन तास फिरावे लागते. तेथील लोक त्याचा त्रागा करीत नाहीत, कारण आपण बेटावर राहतो हे त्यांना ठाऊक असते.

बेटाच्या पोटात

परत मालाडला येऊन महामार्गाने बोरिवलीला पोहोचेपर्यंत दुपार होते. संजय गांधी राष्ट्रीय उद्यान सुमारे १०४ चौरस किलोमीटरांचे आहे. त्यातील सर्वांत उंच ठिकाण समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरांहून अधिक उंच आहे. आपली गाडी बाहेर ठेवून उद्यानाच्या बसने कान्हेरीला जाणे उत्तम. सोमवारी उद्यान आणि लेणी बंद असतात, हेही लक्षात ठेवावे.

कान्हेरीचे जुने नाव कृष्णगिरी, म्हणजे काळा डोंगर. येथे शंभराहून अधिक लेणी आहेत. खोदकाम इसवी सनाच्या आरंभाच्या आगेमागे सुरू झाले आणि जवळजवळ एक हजार वर्षे येथे बौद्ध भिक्खूंची वस्ती राहिली. शिलालेखांत कल्याण, सोपारा, चेऊल येथील दात्यांची नावे आढळतात. हे सारे त्या काळचे बंदरांचे गाव. व्यापारी पाण्याच्या वाटेने बेटावर येत आणि डोंगरातल्या विहाराला दान देऊन जात.

पण कान्हेरीत मूर्तींइतकीच पाहण्यासारखी गोष्ट म्हणजे पाण्याची व्यवस्था. बहुतेक लेण्यांच्या दाराशी खडकात खोदलेली पोढी आहे. कातळावर पडणारा पाऊस तिच्याकडे वळवण्यासाठी बारीक पन्हळी कोरल्या आहेत. चार महिने धो धो पाऊस आणि आठ महिने कोरडे, ही साष्टीची प्रकृती ओळखून भिक्खूंनी पाणी अडवले. त्याच डोंगराच्या पायथ्याशी आज एक तास जोराचा पाऊस झाला की आपल्या सोसायटीच्या तळघरात पाणी शिरते आणि मे महिन्यात त्याच सोसायटीत टँकर येतो. दोन हजार वर्षांपूर्वीचे रहिवासी हे बेट आपल्याहून अधिक चांगले वाचत होते, असे म्हणावेसे वाटते.

खाडीच्या काठाने परत

बोरिवलीहून दहिसर, काशिमिरा करीत घोडबंदरला यावे. दहिसर आणि मुलुंडच्या नाक्यांवर हलक्या वाहनांना पूर्वी टोल भरावा लागे; ऑक्टोबर २०२४ पासून तो बंद झाला आहे. अहमदाबादकडे जाणारा महामार्ग सोडून उजवीकडे ठाण्याच्या रस्त्याला लागले की डावीकडे वसईची खाडी आणि उजवीकडे डोंगर, अशी संपूर्ण प्रवासातील सर्वांत नेमकी बेटाची कड दिसते. घोडबंदरला अरबी घोडे उतरत, त्यावरून हे नाव पडले असे सांगतात. पोर्तुगीजांनी येथे किल्ला बांधला, कारण ठाण्याकडे जाणारा जलमार्ग या वळणावरून राखता येत असे. भाईंदर आणि वसई यांच्या दरम्यान २०२४ साली मोटारी वाहून नेणारी रो-रो फेरी सुरू झाली, तेव्हा दोन किनाऱ्यांमधले जुने नातेच नव्या रूपात परतले.

गायमुखाचा घाट अवजड वाहनांमुळे आणि खड्ड्यांमुळे कुख्यात आहे. संयमाने गाडी चालवावी, मागे पडावे लागले तर पडावे. ठाणे शहर मागे टाकून पूर्व द्रुतगती महामार्गाने दक्षिणेकडे निघाले की मुलुंड, भांडुप, विक्रोळीपर्यंत डाव्या हाताला मिठागरे, तिवरे आणि त्यांपलीकडे ठाण्याची खाडी. हिवाळ्यापासून मेपर्यंत या खाडीत हजारो रोहित पक्षी उतरतात. २०१५ साली येथे अभयारण्य घोषित झाले आणि २०२२ साली खाडीला आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या रामसर पाणथळींच्या यादीत स्थान मिळाले. संध्याकाळच्या तिरप्या उन्हात मिठागरांचे चौकोन आरशांसारखे चमकतात. भरतीचे पाणी पसरायला पूर्व उपनगरांत उरलेल्या मोकळ्या जागांपैकी ही एक मोठी जागा. याच मिठागरांपैकी सुमारे २५६ एकर जमीन घरबांधणीसाठी वापरण्याचा निर्णय २०२४ साली झाला आहे. घरांची गरज खरी आहे. भरतीच्या पाण्यालाही जागा लागते, हेही तितकेच खरे आहे.

फेरी का मारावी

ही प्रदक्षिणा आजच करावी, असे म्हणण्याला एक कारण आहे. बोरिवलीहून ठाण्याला जायचे तर आज डोंगराला वळसा घालावाच लागतो. या वळशामुळेच मध्ये डोंगर आहे, ही जाणीव टिकून आहे. ठाणे-बोरिवली आणि गोरेगाव-मुलुंड हे दोन्ही मार्ग आता राष्ट्रीय उद्यानाखालून जोडबोगद्यांनी जाणार आहेत. त्यांच्या बोगद्यांच्या कामाचा प्रारंभ जुलै २०२४ मध्ये झाला. ते पूर्ण झाले की तासाभराचा त्रास वाचेल, आणि रोज कोंडीत अडकणाऱ्या माणसाला त्याचे स्वागत करावेसे वाटले तर त्याला दोष देता येणार नाही. परंतु डोंगराच्या पोटातून दिवे लावून गेलेल्याला वर झाड आहे की तलाव, हे कळणार नाही. पुलांनी आपल्याला पाणी विसरायला लावले. बोगदे डोंगर विसरायला लावतील.

स्कायला १९९५ साली पूल झाला. तरीही तेथील माणूस स्वतःला बेटावरचाच म्हणवतो, कारण वारा, भरती आणि खडक यांच्याशी त्याचा रोजचा व्यवहार आहे. आपलाही आहे. आपण तो फक्त जुलै महिन्यात, कमरेइतक्या पाण्यात उभे राहून करतो. वर्षातून एक रविवार गाडीत मुलांना बसवून डोंगर उजव्या हाताला ठेवीत फिरून यावे. हा तलाव सांडला की पाणी कुठे जाते, ही नदी कुठून येते, आपली इमारत पूर्वी भातखाचर होती की खाजण, हे त्यांना दाखवावे. उद्या महापालिकेच्या विकास आराखड्यावर हरकती मागवल्या जातील, तेव्हा नकाशातल्या निळ्या आणि हिरव्या रेषा कशाच्या आहेत, हे निदान त्यांना तरी विचारावे लागणार नाही.